चौदा माणसांचा बोल्ट

अमरावतीच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. परतवाडा-धारणी चालणाऱ्या माझ्या जीपला दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवायचा होता, म्हणून त्याच्याकडे गेलो. गिअरबॉक्स बदलला, की मागच्या एक्सलला पीळ बसू नये म्हणून तिथून गिअरबॉक्सपर्यंत लावलेला लोखंडी दांडा, म्हणजे टॉर्क आर्म, जुन्या जागी बसत नाही. त्यानं सुतळीला गाठी मारून माप घेतलं, नवा ब्रॅकेट वेल्ड केला, बोल्ट शर्टाच्या कॉलरला पुसून घातला. पण तो कसायलाच तयार होईना. मला उशीर होत होता.

"किती माणसं बसतात?" त्यानं विचारलं.

"नऊ."

"कागदावरचे नाई इचारून राहिलो. बाजाराच्या दिवशी किती?"

"चौदा," मी हळूच म्हणालो.

"मंग चौदा बसवा. रिकाम्या गाडीवर कसला, त भरल्या गाडीनं घाटात तुटन."

चहावाला, त्याची गिऱ्हाइकं, शेजारचा टायरवाला असे चौदा जण कोंबून बसलो. मी सगळ्यात मागे होतो. मिस्त्री त्या भरल्या जीपखाली सरळ सरकला. बाहेर राहिले फक्त त्याचे अनवाणी पाय. पाना करकरला की अंगठे ताणले जायचे. आम्ही कोणी हललो नाही.

बाहेर येऊन तो म्हणाला, "बोल्ट चौदाच्या हिशोबानं कसला हाये. पण बसवा नऊच."

बाजाराच्या दिवशी दहावा माणूस जीपमध्ये पाय टाकतो, तेव्हा मला ते अनवाणी पाय दिसतात. मी दार लावून घेतो.