कादंबरीतली वहिनी

साहित्यातल्या खमंग बातम्या मला फार आवडतात. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची कथा वेबसिरीजवाल्यांनी उचलली, हे मला कळल्याशिवाय चहा गोड लागत नाही. त्यामुळे माझ्या कादंबरीकार मित्राच्या नव्या पुस्तकातली, नवऱ्याला सोडून भाडेकरूबरोबर निघून जाणारी नायिका म्हणजे त्याचीच बायको, ही वार्ताही मी चवीनं ऐकली होती.

काल सत्कारानंतर तो प्रतींवर सह्या करत बसला होता. शेजारी वहिनी त्याची शाल आणि नारळ मांडीवर सांभाळत होत्या. रांगेतल्या एका बाईंनी डोळे मिचकावत विचारलं, "काय वहिनी, भाडेकरू दिसायला कसा होता हो?"

"अहो, आम्हीच जन्मभर भाड्यानं राहिलो. आम्हाला कुठला भाडेकरू?"

रांग खळखळून हसली. मीही हसलो. मग वहिनी हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, सांगा ना यांना. परवा जावयांनीसुद्धा विचारलं मला."

एक 'नाही' पुरेसं होतं. त्यानं पेन थांबवलं, गूढ हसला आणि म्हणाला, "वाचकांना त्यांचा अर्थ लावू द्यावा."

टाळ्या पडल्या. रांग आणखी वाढली. कादंबरी कल्पनेतून आली, हे आम्हाला नकोच असतं. आम्हाला तिच्यातल्या माणसांचा पत्ता हवा असतो, आणि लेखकांनाही ते सोयीचंच पडतं.

वहिनींनी शाल आणि नारळ टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ती नजर बघून मला पहिल्यांदाच वाटलं, की वहिनी आता खरंच निघून जातील.