सुनेच्या फोनमधला एक शब्द

आमची सून कोरियाची आहे. हे वाक्य आता मी सहज म्हणते, पण पहिले काही महिने ते म्हणताना मी अडखळायची. मुलगा नोकरीसाठी तिकडे गेला, तिथल्याच ऑफिसातली मुलगी त्याला आवडली, लग्नही तिथेच झालं. ते लग्न आम्ही जबलपूरच्या आमच्या बैठकीत सोफ्यावर बसून मोबाइलवर पाहिलं. ह्यांनी त्या दिवशी घरातल्या घरात कोट घातला होता.

मागच्या हिवाळ्यात दोघं पहिल्यांदाच महिनाभरासाठी घरी आले. मी हिंदी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. कोरिया मला नकाशावर डोळे मिटून दाखवता आला असता, पण तिथल्या मुलीशी सकाळी उठल्यावर काय बोलायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. ती इंग्रजी बोलायची, माझं इंग्रजी शाळेच्या नोटिशीपुरतं. मुलाने तिला 'आई', 'बस', 'थोडा' आणि 'अच्छा' असे चार-दोन शब्द शिकवून आणले होते. ती मला कधी आई म्हणायची, कधी त्यांच्या पद्धतीने 'ऑमोनिम'. मुलगा घरात होता तोवर सगळं ठीक चाललं, कारण मधे तो होता.

मग त्याला कंपनीच्या कामासाठी पुण्याला जावं लागलं.

"आठवड्याभराचाच प्रश्न आहे, आई," तो बॅग भरता भरता म्हणाला. "मोबाइलमध्ये ट्रान्सलेटर आहे. तू हिंदीत बोल, तो तिला कोरियन ऐकवतो."

"आणि तिला काही दुखलंखुपलं तर?"

"तर ती सांगेल ना. काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली?"

तो गेला आणि मला टेन्शन आलं. दुसऱ्याची लेक आपल्या घरात आहे आणि तिला काय हवं, काय नको, हे आपल्याला कळत नाही, ही भीती फार चमत्कारिक असते. रात्रीची थंडी होती म्हणून मी तिच्या खोलीत आणखी एक रजई ठेवून आले. सकाळी चहा विचारला, मग पोहे, मग गिझर सुरू केला आहे हे सांगायला दार वाजवलं, मग आंघोळ झाली का ते बघायला. ती दर वेळी हसून मान लववायची. मला वाटायचं, जमतंय.

रोज नाश्त्यानंतर ती गच्चीवर उन्हात बसून आपल्या आईला व्हिडिओ कॉल करायची. मी तिथेच कपडे वाळत घालत असायची. चोरून ऐकायचा प्रश्नच नव्हता, मला एक अक्षर कळत नव्हतं. तरी कान असतातच. दोन-तीन दिवसांत एक शब्द वेगळा ऐकू यायला लागला. चाक्कु. थोड्या थोड्या वेळाने चाक्कु. तो म्हणताना तिचा आवाज जरा दाटायचा, भुवया जवळ यायच्या, आणि पलीकडून तिची आईही तसंच काहीतरी म्हणायची.

मी खाली येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, ती सारखी चाकू चाकू करून राहिली."

"मग दे की चाकू. फळं कापायची असतील तिला." हे ताबडतोब उठले. थाळीत सफरचंदं आणि धार लावलेला चाकू ठेवून गच्चीवर पोचले सुद्धा, मागोमाग मीही गेले. तिने गोंधळून चाकूकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. फोन ठेवला आणि सफरचंदं सोलून, फोडी करून आम्हा दोघांना दिल्या. हे खूश होऊन खाली आले. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पुन्हा चाक्कु सुरू झालं, तेव्हा त्या शब्दाचा सुरीशी संबंध नाही एवढं मला कळलं.

दुपारी मी मुलाला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, "चाक्कु म्हणजे काय रे?"

त्याने उलट विचारलं, "कोण म्हणालं?"

"कानावर पडलं असंच."

"म्हणजे परत परत. पण नुसतं परत परत नाही. नको असताना परत परत. आपण म्हणतो ना, काय सारखं सारखं चाललंय? त्यातलं सारखं."

"चिडून म्हणतात?"

"चिडून नाही गं, वैतागून. रोजचा शब्द आहे. लिफ्ट बंद पडते चाक्कु. फोन हँग होतो चाक्कु. कुणी चाक्कु तोच तो प्रश्न विचारतं... काही झालं का घरी?"

"कुछ नहीं. तू जेवला का?"

फोन ठेवला. घरात लिफ्ट नव्हती. तिचा फोन चांगला चालत होता. नको असताना परत परत काही करणारं माणूस या घरात कोण होतं? मी मुलगा गेल्यापासूनचं सगळं आठवत गेले. खाल्लंस का, आणखी घे, थंडी वाजते का, पंखा नको ना, दार वाजवणं, रजई. ती झोपलेली असताना पायावर शाल टाकायला मी दोनदा आत गेले होते. स्वतःच्या लेकाला मी असंच वाढवलं आणि त्याने कधी तक्रार केली नाही. की केली असेल, मला ऐकू येणार नाही अशा भाषेत?

मी ठरवलं, आता काही विचारायचं नाही. जेवण टेबलावर ठेवायचं, हवं ते ती घेईल. दार वाजवायचं नाही. हे ठरवणं सोपं होतं, पाळताना जीव जात होता. ती अर्धीच पोळी खाऊन उठली तेव्हा मी जीभ दाताखाली धरली. ओल्या केसांनी गच्चीवर गेली तेव्हा मी मटार सोलत मान खाली घालून बसले. घर शांत झालं. ती माझ्याकडे बघायची, मी हसायची, पण ते हसू मलाच कसंतरी वाटायचं. एकदा तिने सगळी भांडी घासून ठेवली आणि भीत भीत विचारलं, "ऑमोनिम, ओके?"

"ओके," मी म्हटलं. आणि घासलेली भांडी फळीवर लावायला लागले.

हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमचं भांडण झालं का?"

"भांडायला भाषा लागते," मी म्हटलं.

पुढच्या दिवशी जेवणानंतर ती जाकीट घालून दारात आली. "आई, थोडा बाहर," म्हणाली. कुठे, कशाला, किती वेळ, सगळे प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आले. पण मी म्हटलं, "अच्छा." ती क्षणभर थांबली, मी आणखी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मग चप्पल घालून गेली.

थोड्या वेळाने तिच्या खोलीतून फोन वाजला. मी दारात जाऊन बघितलं, तर तिचा मोबाइल चार्जरला लावलेला. फोन घरात आणि ती बाहेर. तिला घरचा पत्ता सांगता येत नव्हता, आमच्या कॉलनीतल्या सगळ्या गल्ल्या सारख्या, आणि पाट्या हिंदीत.

"अहो, ती फोन न घेता गेली आहे!"

ह्यांनी स्वेटर चढवलं आणि स्कूटर काढली. "चौकात बघतो. तू घरीच थांब, ती आली तर कुणीतरी पाहिजे."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. स्क्रीनवर कोरियन अक्षरं आणि एका बाईचा फोटो. तिची आई. मी हात लावला नाही. फोन बंद झाला, परत सुरू झाला. बंद झाला, परत सुरू. त्या माउलीला काय वाटत असेल, या विचाराने मला तिथे उभंही राहवेना. शेवटी मी हिरव्या खुणेवर बोट ठेवलं.

पलीकडे साधारण माझ्याच वयाची बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मुलीच्या जागी मला बघून तिचा चेहरा उतरला. ती भराभर काहीतरी बोलली. मी म्हटलं, "नमस्ते. बाहर. आउटसाइड. वॉक." ती आणखी भराभर बोलली. तिला समजावं म्हणून मी फोन फिरवून रिकामी खोली दाखवली, पलंग दाखवला, आणि दाखवता दाखवता माझ्याच लक्षात आलं की हे तर भलतंच भीतीदायक दिसतंय. फोन परत वळवला तर तिने तोंडावर हात ठेवलेला.

'ऑमोनिम' सोडलं तर मला त्यांच्या भाषेतला एकच शब्द येत होता. मी फोनकडे बोट केलं, त्याच्या वाजण्याचा आवाज तोंडाने काढला आणि म्हटलं, "फोन... चाक्कु, चाक्कु!"

मग तिच्या तोंडावरचा हात खाली आला आणि ती हसायला लागली. हसता हसताच तिने डोळे पुसले. मीही पुसले. माझ्या त्या एका शब्दाने तिला काय कळलं, मला सांगता येणार नाही. या बाईने फोन उचलला तो मुलीचं काही वाईट झालं म्हणून नव्हे, फोन थांबेना म्हणून, एवढं कळलं असावं. मला मात्र मुलगी कुठे आहे ते अजूनही माहीत नव्हतं. मी हात जोडले, तिने वाकून नमस्कार केला आणि फोन ठेवला. त्यानंतरचा वेळ मी फाटकाशी काढला. समोरून जाणाऱ्या प्रत्येक ई-रिक्शात डोकावत होते.

उन्हं उतरायला लागली तेव्हा एक ई-रिक्शा दारात थांबली आणि ती उतरली. हातात नर्मदेवर मिळतो तो पानाचा द्रोण होता, रिकामा, फुलं नसलेला. रिक्शावाला म्हणाला, "दीदी ग्वारीघाट पे बैठी थीं, आंटी. जाते वक्त मैंने ही छोड़ा था, तो घर याद था."

मी तिचा हात धरला. बर्फासारखा होता. आत नेऊन बसवलं, ह्यांना फोन करून परत बोलावलं. आणि मग मला राहवलं नाही. मोबाइल तोंडाशी धरून मी हिंदीत म्हटलं, "बेटा, तू मला न सांगता इतक्या लांब का गेलीस? माझा जीव गेला असता."

फोनने कोरियनमध्ये काहीतरी सांगितलं. तिने बराच वेळ आपल्या मोबाइलमध्ये लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग मला हिंदीत ऐकवलं. मशीनच्या सपाट आवाजात आलं, "आई, मला वाटले तुम्ही माझ्यावर नाराज आहात. तुम्ही आता माझ्याशी बोलत नाही."

"मी? मी तर तुला त्रास नको म्हणून गप्प बसले," मी म्हटलं, आणि शेवटी बोलूनच टाकलं. "तू गच्चीवर आईला सांगायचीस ना, चाक्कु चाक्कु?"

तो शब्द माझ्या तोंडून ऐकून ती चपापली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. मला वाटलं, आता नाही म्हणेल. तिने फोन खाली ठेवला आणि मोडक्या इंग्रजी-हिंदीत, हातवारे करत सांगितलं. हो, मी म्हणाले होते. आई खायला देते चाक्कु. दार वाजवते चाक्कु. मला झोप लागते आणि आई येते चाक्कु. तिने माझी नक्कलही केली, हळूच दार उघडून शाल टाकण्याची. ती इतकी हुबेहूब होती की मला रागावताही येईना.

"लेकिन," ती म्हणाली, आणि गालावरून दोन बोटं खाली ओढून दाखवली. "चाक्कु नुनमुरी नायो."

मी मान हलवली, कळलं नाही. तिने ते फोनमध्ये बोलून मला ऐकवलं. मला सारखे रडू येते. कारण माहीत नाही. सगळे चांगले आहेत, तरी रडू येते, म्हणून मला स्वतःचाच राग येतो. घरात रडले तर तुम्ही विचाराल, म्हणून नदीवर गेले. तिथे कुणी विचारत नाही.

लग्नानंतर वर्ध्याहून या गावात आले तेव्हा चारी बाजूंनी हिंदी ऐकून मलाही असंच व्हायचं. मी मोरीत नळ सोडून रडायचे. पण ते तिला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि मशीनला सांगावंसं वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला. कप तिच्यापुढे ठेवताना 'थंडी वाजते का' हा प्रश्न आलाच तोंडात. मी तो गिळायला लागले, तशी ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पूछो, आई."

मी विचारलं. ती हो म्हणाली. मी शाल आणली.

उरलेले दिवस आम्ही तसेच काढले. माझं फार झालं की ती वाढताना हात आडवा धरून तोंडावर म्हणायची, "ऑमोनिम, चाक्कु." पहिल्या वेळी टोचलं. पण माझ्या पाठीमागे गच्चीवर बोललं जाण्यापेक्षा ते बरं होतं. मी दुसऱ्यांदा भात वाढणं थांबवू शकले, तिसऱ्यांदा विचारणं नाही. मुलगा पुण्याहून परतला, तेव्हा आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी झालं असेल." ते परत गेले तेव्हा विमानतळावर तिने मला मिठी मारली आणि ती रडली. का, ते मी विचारलं नाही.

काळजी काही संपलेली नाही. तिकडे गेल्यावर तिचं रडणं थांबलं का, हे मी मुलाला आडून आडून विचारते आणि तो "ठीक आहे ती" एवढंच म्हणतो. मागच्या आठवड्यात मात्र तिच्या आईचाच फोन आला, थेट माझ्या मोबाइलवर. नाव दिसलं. सुनेला काही झालं, मुलाला काही झालं, दोघांत काही झालं, एवढं सगळं तीन-चार वेळा रिंग वाजेपर्यंत मनात येऊन गेलं. उचलला तर ती खिडकीशी उभी होती. बाहेर बर्फ पडत होता आणि तिला मला तो दाखवायचा होता. मी तिला आमच्या गच्चीवरचं ऊन दाखवलं. मग दोघीही फोन धरून तशाच उभ्या राहिलो.