हात न लावलेली फाईल

छापखान्यात त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तो छाती फुगवून ओ द्यायचा. का नाही देणार? एक वेळ खिशात पेन नसेल, पण सहा इंची स्टीलची पट्टी असायचीच. शाळा नववीत सुटलेली, पण मापात त्याचा हात धरणारा माणूस त्या गल्लीतल्या सहा छापखान्यांत शोधून सापडला नसता. छापील पान नुसतं बोटांत धरायचा आणि सांगायचा, "दोन मिलिमीटर कमी आहे." मशीनवाला खोडसाळपणे मोजून बघायचा. दोनच निघायचे.

प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधीचं, काम सांगायला सोपं. लोक पुस्तकाच्या फायली पाठवतात, त्या मशीनवर चढायच्या आधी पानांची मापं ठाकठीक करायची. पान ठरल्या लांबी-रुंदीचं आहे का बघायचं. रंग कडेपर्यंत असेल तर तो कडेच्या बाहेर आणखी तीन मिलिमीटर गेलेला हवा. कारण कटिंगचं पातं कुणाच्या बापाचं ऐकत नाही, केसभर इकडेतिकडे होतंच, आणि बाहेर रंग नसला की कडेला पांढरी रेघ दात विचकते. शिकलेसवरलेले लोक वाट्टेल त्या मापाच्या फायली पाठवायचे आणि फूटपट्टी त्या निस्तरायचा. "ह्यांच्या डिग्र्या माझ्या पट्टीएवढ्या नाहीत," असं म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

एकाच माणसाच्या शिक्षणाचं त्याला कौतुक होतं. धाकट्या भावाच्या. वडील गेल्यावर ह्यानं कटिंग मशीनवर उभं राहून त्याला शिकवला, आणि धाकटा डिझायनर झाला. काय हात होता पोराचा! त्यानं काढलेला पक्षी कागदावरून उडून जाईल असं वाटायचं.

पण पहिल्याच पुस्तकाची फाईल आली ती चुकीच्या मापाची. पुस्तक ठरलं होतं एकशे चाळीस बाय दोनशे सोळा. धाकट्यानं धरलं होतं एकशे अठ्ठेचाळीस बाय दोनशे दहा, म्हणजे कॉम्प्युटर जे माप आपणहून पुढे करतो तेच. रुंदीला आठ मिलिमीटर जास्त, उंचीला सहा कमी, आणि रंग नेमका कडेवर थांबवलेला. सोबत निरोप होता: 'दादा, बघ रे जरा.'

दादानं बघितलं. नुसतं ओढूनताणून बसवलं असतं तर चित्रातली माणसं लंबुळकी झाली असती. त्यानं एकेक पान उघडलं, माप बदललं, मजकूर आत सरकवला, आकाश वर वाढवलं, गवत खाली वाढवलं. दोन दिवस मान वर केली नाही. मशीनवाल्यानं विचारलं, "काय फूटपट्टी, भावानं किती घाण करून ठेवलीय?"

"तोंड सांभाळ," दादा म्हणाला. "माझ्या भावाच्या फाईलला हात लावावा लागत नाही."

हेच वाक्य मग अकरा वर्षं चाललं. नातेवाइकांत, शेजाऱ्यांत, खुद्द धाकट्यासमोर. धाकट्याला ते खरंच वाटत गेलं. का वाटणार नाही? छापून आलेलं पुस्तक नेहमी नेमकं असायचं.

दादाची बायको म्हणायची, "अहो, एकदा सांगून टाका भाऊजींना. कितीदा निस्तरणार?"

"एवढा शिकलेला तो. त्याला मी माप शिकवू? मन मोडेल त्याचं."

पण खरी गोष्ट अशी की ते निस्तरणं दादाला आवडायचं. धाकट्याच्या देखण्या पुस्तकाला लोक वाहवा करायचे तेव्हा त्याला वाटायचं, ह्यातले तीन मिलिमीटर माझे आहेत.

मग धाकट्याला मोठं काम मिळालं. पक्ष्यांवरची सहा पुस्तकं, मोठा प्रकाशक, आणि छपाई दुसऱ्या छापखान्यात. सांगायला आला तेव्हा दादाच्या जिभेवर शब्द आला होता, की बाबा रे, फाईल पाठवण्याआधी माझ्याकडे बस पाच मिनिटं. पण तोंडातून निघालं भलतंच.

"त्यांना ठणकावून सांग, माझ्या फाईलला कुणी हात लावायचा नाही!"

धाकटा हसला. दादाही हसला.

तीन आठवड्यांनी रविवारी दुपारी धाकटा आला आणि पहिलं पुस्तक टेबलावर आपटलं. दादाला पट्टी काढावीच लागली नाही. पक्ष्यांच्या चोची कापलेल्या, पानांचे आकडे अर्धेच, आणि वरखाली पांढऱ्या पट्ट्या, आखूड शर्टाखालून पोट दिसावं तशा.

"त्या छापखान्यानं वाट लावली, दादा. उद्या प्रकाशक येतोय तिथे. तू चल आणि एवढंच सांग, अकरा वर्षं माझ्या फायली जशाच्या तशा छापल्यास. तुझा शब्द चालतो ह्या धंद्यात. नाहीतर उरलेली पाच पुस्तकं गेली हातची."

"येतो," दादा म्हणाला. बायकोनं नवऱ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी त्या छापखान्यात फायली तपासणाऱ्या बाईंनी आवाज न चढवता कॉम्प्युटर प्रकाशकाकडे वळवला. "मी विचारलं होतं, माप जुळत नाही, दुरुस्त करू का. ह्यांचं उत्तर वाचा."

उत्तर होतं: 'अकरा वर्षांत माझ्या फाईलला कुणी हात लावलेला नाही. आहे तशी छापा.'

प्रकाशक दादाकडे वळला. "तुम्ही सांगा. ह्यांच्या फायली तुमच्याकडे तशाच छापल्या जायच्या?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मग ठपका त्या बाईंवर गेला असता. त्यांच्या टेबलावर एक स्टीलची पट्टी पडली होती, आकडे झिजलेली, अगदी त्याच्या खिशातल्यासारखी. शेजारी धाकटा ताठ मानेनं उभा होता, दादा आहे म्हणून निर्धास्त. दादानं आयुष्यात खूप फुशारक्या मारल्या, पण माप विचारल्यावर खोटं सांगायला त्याची जीभ उचलेना.

"नाही," तो म्हणाला. "प्रत्येक फाईल मी दुरुस्त केली. पहिल्या पुस्तकापासून."

धाकटा तडक बाहेर पडला. बोलला तो जिन्यात.

"अकरा वर्षं मला हसत होतास."

"हसत नव्हतो रे. मिरवत होतो तुला."

"एकदा सांगायचंस. पाच मिनिटांचं काम होतं." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "तुला मी लहानच हवा होतो."

आणि उरलेल्या पायऱ्या तो एकटाच उतरून गेला.

पाचही पुस्तकं दुसऱ्या कुणाला गेली. धाकट्याचं येणं बंद झालं. वहिनीचा फोन उचलायचा, "कामात आहे" म्हणायचा आणि ठेवायचा.

वर्षभरानं एका प्रकाशकानं छपाईसाठी एक फाईल पाठवली. काम धाकट्याचं होतं. सोबत त्याचीच चिठ्ठी: 'प्रीप्रेस विभाग, कृपया मापं तपासून घ्यावीत.'

फूटपट्टीनं तपासली. एकशे चाळीस बाय दोनशे सोळा. चारही बाजूंनी रंग तीन मिलिमीटर बाहेर. आकडे कडेपासून चांगले आत. त्यानं शहाण्णवच्या शहाण्णव पानं उघडली, एखादी तरी चूक सापडेल म्हणून. अर्धा मिलिमीटरसुद्धा सापडला नाही.

मशीनवाला मागे येऊन उभा राहिला. "भावाची ना? लावावा लागतो का हात?"

"नाही," तो म्हणाला. अकरा वर्षं घसा फोडून सांगितलेली गोष्ट आता कुठे खरी झाली होती, आणि ती त्याला मोठ्यानं सांगवेना.

उत्तरात त्यानं टाइप केलं, 'मापं बरोबर आहेत. दादा.' मग शेवटचा शब्द खोडून तिथे 'प्रीप्रेस विभाग' लिहिलं आणि फाईल मशीनवर सोडली.