बिगर-शास्त्रज्ञ पंचफुलाबाई

सेनगावच्या रस्त्याला २००३ साली जनावरांचं एक संशोधन केंद्र निघालं, तेव्हा आसपासच्या गावांना वाटलं, आता म्हशींचं दूध वाढणार. तसं काही झालं नाही. तिथं डॉक्टर दिपक राठोड हाडात भरायची एक पावडर तपासत होता. अंड्याच्या टरफलापासून केलेली ही पावडर हाडातली पोकळी भरून काढील, असा त्याचा अंदाज होता. तो खरा की खोटा हे बघायला त्याला सहा मेंढ्या हव्या होत्या. एका वयाच्या, एका वजनाच्या आणि वंशावळ माहीत असलेल्या.

वंशावळीवर घोडं अडलं. बाजारातल्या मेंढीला आजीचं नाव कोण विचारणार? मग कुणीतरी जवळच्या वाडीतल्या पंचफुलाबाईचं नाव काढलं. पन्नाशीची ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून मेंढरं राखत होती. तिनं सहा मेंढ्या फाटकाशी उभ्या केल्या आणि प्रत्येकीची आई, आजी, पणजी, कोण कुठल्या साली कशानं गेली, सगळं एका दमात सांगितलं. लिहिता लिहिता कारकुनाची रिफिल संपली. शेवटी या मेंढ्यांना मारून त्यांचं हाड तपासणार, हे दिपकनं तिला आधीच सांगितलं होतं. तो कळमनुरीकडच्या तांड्यावरचा. खोटं बोलणं त्याला अजून जमत नव्हतं.

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर नैतिकता समिती लागते, आणि तीत एक सदस्य असा लागतो, जो शास्त्रज्ञ नाही पण ज्याला सामाजिक जाणीव आहे. एका निवृत्त हेडमास्तरांना विचारलं, तर त्यांनी न्यायला-आणायला गाडी मागितली. दिपकनं पंचफुलाबाईचं नाव सुचवलं. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘बाई शिकलेल्या आहेत?’’

‘‘नाही, सर.’’

‘‘मग बिगर-शास्त्रज्ञ तर नक्कीच आहेत. घ्या.’’

पहिल्या बैठकीत चौदा पानांचा इंग्रजी कागद फिरला आणि समोसे यायच्या आत सगळ्यांच्या सह्या झाल्या. पंचफुलाबाईनं मात्र मजकूर समजल्याशिवाय अंगठा द्यायला नकार दिला. दिपकनं तो मराठीत सांगितला. तेवढ्यात अध्यक्षांना एक कल्पना सुचली. जनावरं कमीत कमी वापरा असं नियम सांगतो. तर प्रत्येक मेंढीच्या मागच्या दोन्ही पायांच्या हाडांत छिद्र पाडावं, म्हणजे तिनातच काम भागेल. नियमाचा मान राहतोय म्हणून सगळे खूश झाले.

‘‘दोन्ही पाय गेल्यावर ती उठंल कशावर?’’ पंचफुलाबाईनं विचारलं.

समोसे आले. सखोल चर्चेअंती एकच पाय ठरला, अशी नोंद झाली.

सहाही मेंढ्यांच्या एकेका पायात छिद्र पाडलं. चौघींच्या छिद्रात पावडर भरली, दोघींचं तुलनेसाठी मोकळं ठेवलं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन तीन दिवस होतं. चौथ्या दिवशी पंचफुलाबाई बाभळीच्या शेंगा घेऊन बघायला आली. वेदना नोंदवायच्या तक्त्यावर रोज एकच ओळ होती : वेदना आढळली नाही. कारण एकही मेंढी ओरडली नव्हती. ती तासभर त्यांच्यापाशी बसली आणि मग दिपकला बोलावून घेतलं.

‘‘डाक्टरसायेब, चौघी रवंथ करून न्हाई राहिल्या. त्यायला दुखून राहिलं.’’

‘‘पण मावशी, आवाज तर कुणीच केला नाही.’’

‘‘मेंढी कोकरासाठी वरडती. दुखण्यासाठी न्हाई.’’

दिपकचे कान तापले. पाच वर्षांचं शिक्षण आणि वर दोन पदव्या घेऊन तो तक्त्यावर रोज सही करत होता. त्यानं लगेच पुन्हा इंजेक्शनं दिली. दिवस मावळेस्तोवर तिघींची तोंडं हलायला लागली. पुढच्या बैठकीत त्यानं औषधाचे दिवस सातावर नेले आणि तक्त्यात रवंथाचा रकाना घालायला लावला.

ही सूचना कुणाची, याची अध्यक्षांनी चौकशी केली. चौकशीत असं निघालं, की समितीच्या सदस्यानंच केंद्राला मेंढ्या विकल्या आहेत. हे तर हितसंबंधांचं प्रकरण. ती गप्प असती तर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. शाल, नारळ देऊन पंचफुलाबाईला सन्मानानं मोकळं केलं गेलं. हेडमास्तरांना गाडी मंजूर झाली.

तीन महिन्यांनी मेंढ्यांना कायमचं झोपवायच्या इंजेक्शनचा दिवस आला. तिला बोलावणं नव्हतं, तरी ती आली. एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली, आणि प्रत्येकीच्या कानात काहीतरी पुटपुटली. दिपकनं ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. पुढं आठवड्यानं तो स्वतः वाडीवर निकाल सांगायला गेला. पावडर भरलेल्या चौघींपैकी तिघींचं हाड भरून आलं होतं.

‘‘बरं झालं,’’ ती म्हणाली, आणि त्याला चहा केला. त्या संध्याकाळी मात्र मेंढरं आणायला ती स्वतः गेली नाही, सुनेला धाडलं.

दुसऱ्या वर्षी केंद्राला बारा मेंढ्या हव्या होत्या. तिनं आठच दिल्या, तेही रोज तासभर त्यांच्यापाशी बसू देणार असाल तरच, या अटीवर. नोंदवहीत तिचं पद काय लिहायचं यावर दोन बैठका झाल्या. शेवटी ‘अभ्यागत’ असं ठरलं. तक्त्यावरचा रवंथाचा रकाना मात्र पुढं रोज तिलाच विचारून भरला जाई.