मागे घेतलेली साक्ष

पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेल्या सरस्वतीवरून मी माझ्या मुलीची शाळा बंद केली. ती तिसरीत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांनी ते चित्र काढलं, हिनेही काढलं, बाईंनी शाबासकी दिली आणि ती पाटी मिरवत घरी आली. आमच्या चर्चच्या मंडळीतले दोघे जण तेव्हा आमच्याकडे चहाला बसले होते. त्यांतल्या एकाने पाटी पाहिली आणि अर्धा कप तसाच खाली ठेवला. मी पोरीच्या हातून पाटी ओढून घेतली. आज कबूल करतो, त्या क्षणी मला देवाची काळजी नव्हती. त्या कप ठेवणाऱ्याची होती.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी दौंडला रेल्वेत पाळीची नोकरी करत होतो. बायको शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती, रोज पहाटेची एसटी धरायची. त्याच हिवाळ्यात आमच्या मंडळीत एक पाहुणे आले. ते आपल्या मुलांना घरीच शिकवत. त्यांची चार मुलं ओळीत उभी राहून स्तोत्रं पाठ म्हणाली आणि माझे डोळे भरून आले. त्यांच्या घरी स्वयंपाकाला बाई आहे आणि त्यांना स्वतःला नोकरी नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ झाली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "प्रभूने मला सांगितलं, तुझी लेकरं तूच शिकव." मंडळी "हालेलुया" म्हणाली. पाळकसाहेबांनी माझा हात धरून उंचावला.

साधं काम जमलं नाही तर माणूस ते सोडून देतो. साक्ष दिली की सोडता येत नाही. तुम्ही थकलात तर देव खोटा ठरतो.

तीन वर्षं मी रात्रपाळी करून सकाळी घरी यायचो, अंघोळ, प्रार्थना, आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीवर शाळा. मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी लहान मुलगा. गणित सांगता सांगता मला झोप लागायची. मुलं मला उठवत नसत, श्वास रोखून बसून राहत. जाग आली की मी ओरडायचो, "अजून इथंच?" आणि पट्टी उचलायचो. एकदा मुलगा म्हणाला, "पप्पा, हे तुम्हाला तरी येतं का?" मला येत नव्हतं. म्हणून त्याला जास्त बसली.

आमचे घरमालक आप्पा समोरच्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत. त्यांच्या वडिलांनी मेंढरं राखली होती, आता त्यांची शेती होती.

"मास्तर, तुमच्या शाळंला सुट्टी कवा असती?"

"रविवारी, आप्पा."

"रविवारी तर तुमी त्यास्नी चर्चात नेताय. मंग सुट्टी कवा?" तेच पुढे म्हणाले, "आवं, मेंढरं बी दुपारची सावलीला बसत्यात. आन् हाकणारा बी बसतो. तुमचं काय येगळंच हाय."

बायबलमधली मेंढपाळाची वचनं मला तोंडपाठ होती. खऱ्या मेंढपाळाच्या पोराने दोन शब्द सांगितले तर मी दार लावून घेतलं.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. "साहेब, मला जमत नाही. बायबल उघडतो, पण एक ओळ आत जात नाही. मुलांचा आवाज आला तरी चीड येते."

ते म्हणाले, "तुमची साक्ष ऐकून दोन कुटुंबांनी मुलं शाळेतून काढलीत. आता तुम्ही मागे फिरणार? हा सैतानाचा हल्ला आहे. उपास करा."

आणि मी केला! रात्रपाळी, उपास आणि भागाकार. झोपतोस कधी, असं त्या अख्ख्या मंडळीत एकानेही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण मीही कधी माझ्या मुलांना काही विचारलं नव्हतं.

ड्युटीला निघण्याआधी संध्याकाळी आमची कौटुंबिक प्रार्थना व्हायची. एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. त्या दिवशी मुलीचा नंबर आला. ती म्हणाली, "प्रभू येशू, पप्पांना उद्या ताप येऊ दे. जास्त नको. शाळा होणार नाही एवढाच."

"आमेन!" मुलगा ओरडला.

बायकोला हसू फुटलं. ते थांबेना, आणि मग त्याचं रडणं झालं. माझा हात वर गेला. मुलीचे डोळे अजून मिटलेलेच होते, तरी तिने खांदे आक्रसून घेतले. तिला पाहायची गरज नव्हती. हात मी खाली घेतला, डबा उचलला आणि बाहेर पडलो.

रविवारी मी पुन्हा साक्षीला उभा राहिलो. "प्रभूने मला काही सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. "मला लोकांची लाज वाटली होती. निर्णय माझा होता, नाव त्याचं लावलं." कुणी हालेलुया म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली, "गीत घेऊ या." मी म्हणालो, "माझं झालेलं नाही," आणि पोरांना मारल्याचंही सांगून टाकलं. बाहेर चपला घालताना त्या दोन कुटुंबांतली एक आई माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, बरं झालं बाई. आता आम्हालाही थांबवता येईल." म्हणजे तीही वाट पाहत होती! बाकीच्या कित्येकांनी भेटल्यावर मला सलाम म्हणणं सोडलं.

दोन्ही मुलांना शाळेत एकेक इयत्ता खाली बसवलं. मुलगी फाटकाबाहेर येताच म्हणाली, "तुमच्यामुळे." त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मी मात्र सकाळी घरी आलो की झोपायचो. पहिले काही दिवस दुपारी जाग आली की अपराध केल्यासारखं वाटायचं, पुढे नुसती भूक लागायची.

मग एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, तुम्ही भागाकार चुकीचा शिकवला होता. शून्य द्यायचं असतं मध्ये. बाईंनी सगळ्या वर्गासमोर खोडलं माझं. सगळे हसले. येत नव्हतं तर शिकवलंत कशाला?" तिचा आवाज चढत गेला, इतका की आप्पा ओट्यावरून उठून पाहायला आले. इतक्या मोठ्याने ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती.

"कुठं द्यायचं शून्य?" मी विचारलं.

"बसा खाली," ती म्हणाली.

मी बसलो.