डावीकडचा आवाज

माझ्या ताईचे यजमान पेंग चिन-फू एकतीस वर्षं मियाओलीच्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण सांभाळत होते. मी त्यांना दाजी म्हणतो. निवृत्त झाल्यावर लोक जुन्या कॅसेटी घेऊन त्यांच्या घरी यायला लागले. बहुतेकांची तक्रार एकच. एका बाजूचा आवाज खणखणीत, दुसऱ्या बाजूचा मेल्यासारखा. दाजी आधी मशीनचं हेड पुसत. मग हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकत. "टेपच्या आधी आपला कान तपासावा," म्हणत. सगळी खात्री पटली की संगणकावर कमी बाजू हळूहळू वर आणत.

फक्त एका कॅसेटला त्यांनी हात लावला नव्हता. यू-मेईताई जाऊन दीड वर्ष झालं होतं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चहाच्या मळ्यात दोघांनी सवाल-जवाबाचं डोंगरगाणं म्हटलं होतं, त्याची ती कॅसेट. डावा माइक ताईचा, उजवा दाजींचा. डावी बाजू अगदीच क्षीण होती.

"दाजी, गावभराच्या कॅसेटी नीट केल्यात. ही कधी काढणार?" मी विचारलं.

"काढू. तू शेंगदाणे खा."

नवं वर्ष जवळ आलं तसं त्यांची मुलगी शू-हुई फोनवर मागेच लागली. आईच्या थडग्यापाशी तिला ते गाणं लावायचं होतं. तेव्हा कुठे एका दुपारी त्यांनी कॅसेट मशीनमध्ये घातली. मी शेजारीच होतो.

पाचेक मिनिटांत त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हेड चांगलं आहे. गाणं भरताना आवाजाची बटणंही सारखीच होती."

"कशावरून?"

"झाडांवरच्या किड्यांची किरकिर ऐक. दोन्हीकडे सारखी आहे. बटण कमी असतं तर डावीकडचे किडेही दबले असते. यू-मेईच हळू गायली आहे."

हे मला पटेना. ताई या उतारावरून हाक मारायची, तर समोरच्या उतारावरची बाई टोपली खाली ठेवून वळून बघायची. दाजींनी टेप पार सुरुवातीला नेली. गाण्याआधीचं बोलणं लागलं. त्यांचाच तरुण, जरा अधिकाराचा आवाज.

"यू-मेई, दबक्या आवाजात गा. आवाजाचा काटा लाल रेघेच्या पुढे जातोय."

"डोंगरावर दबक्या आवाजात कोण गातं?"

"आज गा. मशीन केंद्राचं आहे."

"बरं बाई, तुमच्या मशीनची झोप मोडायला नको," ताई म्हणाली आणि हसली. ते हसू मात्र मोठं होतं, काटा नक्की उडाला असणार. मग ती गायला लागली. हळू, जपून, पाहुण्यांच्या घरात गावं तशी.

दाजींनी मशीन बंद केलं. "आवाज वाढवता येईल रे," ते म्हणाले. "मोकळा कसा करू?"

दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या गावी लाइ क्वेई-यिंगकडे गेले. ती ताईची मळ्यातली मैत्रीण, तिच्याकडे ताईच्या मोकळ्या गाण्याची टेप असायची. मीही बरोबर होतो. तिने डबा काढला. कॅसेट सापडली, पण तिच्यावर कधीतरी नातवाचे पाढे भरलेले होते.

"घरात एवढी मशीनं, आणि बायकोचा आवाज माझ्याकडे मागायला आलात?" ती म्हणाली. मग तीच नरमली. "माझ्या कानात आहे तिचा आवाज. काढून घेता येत असेल तर घ्या."

घरी येऊन त्यांनी ते गाणं दोन दिवसांत पुरं केलं. बाकी सगळ्यांची कमी बाजू ते वर आणत. इथे त्यांनी उजवी बाजू, स्वतःची, खाली उतरवली. ताईला हात लावला नाही.

"आता किरकिर डावीकडे झुकली," मी म्हणालो.

"झुकू दे."

नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेचा दिव्यांचा सण झाल्यावर आम्ही थडगं साफ करायला गेलो. गवत काढलं, नैवेद्याला उकडलेली कोंबडी मांडली, शू-हुईने गाणं लावलं. ती रडली. "आई किती गोड गायची," ती म्हणाली. दाजींनी मान हलवली. ते गोडपण कोणाच्या सांगण्यावरून आलं होतं, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही.

पण त्या दिवसापासून चहाच्या गावांतून कोणी कॅसेट आणली की ते विचारतात, "यात बायकांचं गाणं आहे का?" हो म्हटलं, की दुरुस्तीआधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकतात. घोळक्यात कुठेतरी, कोणाच्या तरी मागे, तेव्हाची, मोकळ्या गळ्याची यू-मेई सापडेल म्हणून. अजून सापडलेली नाही. परवा एक म्हातारी तीन कॅसेटी घेऊन आली, कुठल्याशा लग्नाच्या. दाजींनी हेडफोन चढवला. माझा चहा संपला, तिसरी कॅसेट लागली, तरी त्यांनी मान वर केली नव्हती.