हीटरसमोरचा सेन्सर

अलार्म बसवणाऱ्या एका कंपनीने आपली चूक पुण्याच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या माथी मारली. मला निवृत्त होऊनही बरीच वर्षे झाली, पण ते प्रकरण आठवले की अजून डोके तापते.

दोन हजार पाचच्या आसपास मी नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावी वस्तीचा पोलीस होतो. तरुणपणी फुलांच्या लिलावात गाड्या ओढत डच शिकलो आणि कुणाचीही चिठ्ठी न घेता पोलिसात शिरलो. तेव्हा चोरांपेक्षा जास्त धावपळ अलार्मपायी व्हायची. जाऊन बघावे तर मांजर नाहीतर उघडी खिडकी. म्हणून नगरपालिकेने नियम केला: अलार्मची नोंदणी करायची, किल्ली असलेल्या शेजाऱ्यांची नावे द्यायची. खोटा अलार्म वारंवार वाजला तर नोंदणी रद्द, मग त्या घरी पोलीस जाणार नाहीत. नियम चांगलाच होता.

नोंदणी रद्द करायच्या घरांत एक मराठी घर निघाले. मुलगा-सून आयटीत, दिवसभर बाहेर. घरी फक्त मुलाचे वडील, अप्पा. पत्नी वर्षापूर्वी गेलेली. कंपनीचा माणूस येऊन येऊन एकच सांगायचा, "यंत्र ठीक आहे, आजोबा भलती बटणे दाबतात."

मुलाला ते पटले होते. मला म्हणाला, "काका, अप्पा हल्ली विसरतात हो. पुण्यात एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय. पुढच्या महिन्यात नेऊन सोडतो."

अप्पा समोरच बसले होते.

मला मात्र ते पटेना. नोंदणी रद्द करायला साहेब दोनच दिवस थांबायला तयार होते. मी दोन रविवारची ड्यूटी पदरात घेतली आणि आठवडा मिळवला.

खबर शेजारच्या डच बाईने दिली. सायकल थांबवून म्हणाली, "तो बटणे कशी दाबेल? अलार्म वाजतो तेव्हा तो कुंपणापाशी माझ्याशी बोलत असतो."

"कोणत्या भाषेत?"

"तो त्याच्या, मी माझ्या. आमचं छान चालतं."

त्याच दुपारी अप्पांकडे गेलो. गणवेशातल्या माणसाला घाई नसली की लोक बोलतात. चहा झाला.

"अप्पा, बागेत जाताना अलार्म लावता?"

"लावतो. कंपनीवाल्यानेच बजावलंय."

"विसरत नाही?"

"विसरलो असतो तर वाजला असता का?"

मी कप खाली ठेवला. "मग आत हलतं तरी काय?"

अप्पा गप्प. माझा पारा चढला. "मुलगा तिकीट काढतोय तुमचं, कळतंय का?"

"काढू दे," ते म्हणाले. पण नजर जिन्याकडे गेली. मी वर गेलो. कठड्यावर जांभळी पैठणी पसरली होती.

अप्पा मागून हळूच आले. "एकाच घडीवर राहिली की चिरते. घडी मोडून वारा द्यावा लागतो. आमची ही वर्षातून दोनदा द्यायची."

"आणि तुम्ही?"

"मी... घरी कुणी नसलं की."

मुलगा म्हणाला होता, आईचे सगळे देऊन टाकू, डोळ्यांसमोर नको. अप्पांनी दिले म्हणून सांगितले होते. "आता खोटं कसं कबूल करू? त्यापेक्षा विसरभोळा बरा."

पैठणीखाली हीटर होता. गरम हवेने पदर हलत होता आणि अलार्मच्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचे तोंड नेमके तिकडेच. मी कंपनीच्या माणसाला बोलावून फैलावर घेतले. शेवटी तो म्हणाला, "जागा चुकलीय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. ऑफिस म्हणालं, पुन्हा वायर ओढायची नाही, म्हाताऱ्यावर ढकल."

संध्याकाळी अप्पांनी स्वतःच पैठणी मुलाच्या मांडीवर ठेवली. त्याने तिच्यावरून हात फिरवला. "आईची?" एवढेच म्हणाला. सुनेने दुसरे टोक उचलले. "अप्पा, घडी कशी घालायची ते दाखवा ना." तिकिटाचा विषय तिथेच संपला. सेन्सर मी फुकटात हलवून घेतला, नोंदणीही टिकली.

त्यानंतर कोणत्याही घरावर काट मारण्याआधी मी आत जाऊन, बसून, चहा घेऊ लागलो. गप्प राहणारा माणूस दर वेळी स्वतःलाच वाचवत नसतो, हे मला त्या जिन्यात कळले.

पण माफी? ती कुणी मागितली नाही. मी लावून धरली, तर वरिष्ठ म्हणाले, हा पोलिसांचा विषय नाही. मग कुणाचा? एका शहाण्या माणसाला जाणूनबुजून खुळा ठरवले, त्याचे घर सुटायची वेळ आणली. त्या कंपनीच्या मालकाने अप्पांच्या दारात यावे आणि त्यांच्या मुलासमोर याचे उत्तर द्यावे.